अण्णांनी चार रविवार विचारलं

माझं मूळ विचारताय तर खरं सांगते, मला जेवढं सांगितलं गेलं तेवढंच मला ठाऊक. वडील शहाद्याकडचे, रिफायनरीच्या बाजूला ठेकेदाराकडे मजुरीला आले, तिथल्या झोपड्यांत माझा जन्म, म्हंजे मी बडोद्याचीच. मी चार वर्षांची असताना वडील काविळीनं गेले. त्यांचा चेहरा आठवत नाही, पण पायातल्या रबरी बुटांचा आवाज आठवतो, चिखलात चपाक चपाक वाजायचे ते. आई लोकांकडे भांडी घासायची, तिला टीबी झाला, खूप दिवस सरकारी दवाखान्यात होती, अन् मी शेजारच्या कांतामासीकडे. एक दिवस कांतामासीनं मला न्हाऊ घातलं, तेल लावलं, दोन वेण्या घातल्या, रिबिनी बांधल्या. मी विचारलं, मासी, आईकडे जायचं का, तर ती नुसती वेणी ओढून ओढून घट्ट करत राहिली. त्या दिवशी तिनं मला संस्थेत नेलं. आई आठवडाभर आधीच गेली होती, मला कुणी सांगितलंच नव्हतं. सात वर्षांची होते मी. आता कांतामासीला दोष देऊन काय करू, तिला स्वतःची चार पोरं, नवरा पिणारा. तिनं नेऊन सोडलं, वाऱ्यावर नाही सोडलं, हे काय कमी झालं?

संस्था म्हंजे मुलींचं बालगृह. तिथल्या मुख्य बाईंना सगळ्या मोटाबेन म्हणायच्या, मोठी बहीण. बाई वाईट नव्हत्या, पण चाळीस मुलींना एक बाई किती पुरणार? मी गेले तेव्हा माझ्यासाठी गादीच नव्हती. तेव्हा एक मुलगी, दात पडलेली, माझ्याच वयाची, स्वतःच्या गादीवर सरकली अन् हातानं थोपटून म्हणाली, आव, इथे ये. ती जशु. जशोदा नाव, पण सगळे जशुच म्हणायचे. तिला शिट्टी वाजवता यायची, दोन बोटं तोंडात घालून, अन् मोटाबेन आल्या की अशी साळसूद बसायची की विचारू नका. महिनाभर आम्ही दोघी एका गादीवर झोपलो. तिचं नाव लिहून ठेवा, तिचं पुढे फार काम आहे.

तिथे सगळं गुजराती. शाळा गुजराती, प्रार्थना गुजराती, भांडणं गुजराती. वर्षभरात माझं मराठी गेलं. आईची आठवण यायची तेव्हा ती पण गुजरातीत बोलायला लागली डोक्यात, आता बोला! अन् लोक यायचे वाढदिवस करायला. केक आणायचे, आम्हाला ओळीत बसवायचे, प्लेट हातात दिली की फोटो काढून होईपर्यंत खायचं नाही. हसा बेटा, हसा. मी अजून फोटोत हसत नाही. तुम्ही मगाशी फोटोचं विचारलंत तेव्हा मी विषय बदलला, राग मानू नका.

नऊ वर्षांची झाले तेव्हा एका घरानं मला मागितलं. दत्तक नाही हां, सांभाळायला. दत्तक वेगळं अन् हे वेगळं, लोकांना अजून कळत नाही. सांभाळणारं घर म्हंजे मूल तुमच्याकडे राहतं, खातं, शाळेत जातं, पण कागदावर ते तुमचं नसतं, समिती दर वेळी बघते अन् मुदत वाढवते. तर मुलांचं ठरवणारी ती समिती असते नं, तिच्यासमोर मला नेलं. मोठं टेबल, पलीकडे पाच जण, मध्ये माझी फाइल. एका साहेबांनी फाइलमधून डोकं वर न काढता विचारलं, जवुं छे ने बेटा? जायचंय नं? आता ह्याला नाही कसं म्हणायचं, तुम्ही सांगा. मी मान हलवली. झालं.

घर कारेलीबागेत, चांगली सोसायटी, दोघं नोकरी करणारे, त्यांना मी अंकल-आंटी म्हणायचे. मला वेगळी खोली दिली त्यांनी, गुलाबी पडदे. पण काय सांगू तुम्हाला, मला त्या खोलीत भीती वाटायची, दोन वर्षं चाळीस जणींच्या श्वासात झोपलेली मी. अंथरूण ओलं व्हायचं. अन् मी पोळ्या लपवायचे. पोटभर मिळत होतं हो, तरी लपवायचे, कपाटात, दप्तरात, फ्रॉकच्या घडीत. आंटींना एकदा आठवड्याच्या पोळ्या सापडल्या, बुरशी आलेल्या, तर त्या रडायलाच लागल्या. म्हणाल्या, अगं आम्ही तुला उपाशी ठेवतो का?  मी गप्प झाले की गप्पच. आठ महिने त्यांनी काढले. मग एका सकाळी अंकल म्हणाले, चल, चक्कर मारून येऊ. मी खुश, स्कूटरवर पुढे उभी राहायला गेले तर तिथे माझी बॅग ठेवलेली.

 रस्ताभर मी त्या बॅगेवर पाय ठेवून उभी होते. संस्थेच्या फाटकाशी अंकल म्हणाले, तू चांगली मुलगी आहेस, आम्हालाच जमलं नाही. आता वाटतं, हे बोलायला तरी त्या माणसाला किती जड गेलं असेल. त्यांना पण कुणी शिकवलं नव्हतं, अशी मुलं असं का करतात ते. पण तेव्हा मला एकच समजलं, की मला परत करता येतं. दुकानात कपडा परत करतात तसं. आत गेले तर माझी गादी दुसऱ्या मुलीला दिलेली, अन् जशु परत सरकली. काही विचारलं नाही तिनं. दोनदा तिनं मला जागा दिली, हे पण लिहा.

आता अण्णांचं सांगते. अण्णा प्रतापनगरला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. मूळचं घराणं मिरजेकडचं, पण वडिलांपासून रेल्वेत, रेल्वेच्याच क्वार्टरमध्ये जन्मलेले. मुलगा शिकून परदेशी गेलेला, घरात ते अन् वहिनी दोघंच. वहिनी म्हंजे त्यांची बायको. त्यांचे धाकटे दीर वहिनी म्हणायचे, मग मुलगा म्हणायला लागला, मग आख्खी क्वार्टरची लाइन. तर अण्णा एका रविवारी वर्कशॉपमधल्या दोघा-तिघांना घेऊन संस्थेत आले, आमचे झोपाळे मोडले होते ते दुरुस्त करायला. फोटोवाला नाही, केक नाही, नुसती हत्यारांची पेटी. मी पायरीवर बसून बघत होते. त्यांनी मला विचारलं, ह्या दोन पान्यांतला कुठला बसेल, सांग बरं. मी गप्प. तर ते तसेच हात पुढे करून थांबले. ह्याच्या आधी कुणी थांबलंच नव्हतं हो. विचारायचे अन् स्वतःच उत्तर देऊन पुढे जायचे. मी उठले, एक पाना उचलून दिला. चुकीचा होता. त्यांनी लावून बघितला, म्हणाले, हा नाही बसत, दुसरा दे. बस्स, एवढंच.

पुढच्या रविवारी ते परत आले, बरोबर वहिनी. मोटाबेनशी बोलले अन् मग माझ्याजवळ येऊन जमिनीवर मांडी घालून बसले. म्हणाले, मंगल, आमच्याकडे राहायला येशील का? लगेच सांगू नको. मी लगेचच सांगितलं, नाही. ते म्हणाले, बरं, पुढच्या रविवारी परत विचारीन. अन् गेले. मला वाटलं, गेले ते गेले. तिसऱ्या रविवारी हजर. येशील का? नाही. बरं. वहिनी लांब ओट्यावर बसून बाकीच्या मुलींच्या डोक्यातल्या उवा काढत होत्या, माझ्याकडे बघत पण नव्हत्या. चौथ्या रविवारी मी नाही म्हटलं तर ते निघायच्या आधी म्हणाले, तुला काही विचारायचंय का? तेव्हा माझ्या तोंडून निघालं, परत आणून सोडणार का? मोटाबेन बाजूलाच होत्या, त्या म्हणाल्या, छे छे बेटा, असं कसं बोलतेस. अण्णांनी त्यांना हातानं थांबवलं. विचार करत बसले. मग म्हणाले, तुला नको वाटलं तर तू सांगायचं, मी स्वतः आणून सोडीन. पण मी आपण होऊन सोडणार नाही. पाचव्या रविवारी मी बॅग भरून पायरीवर बसले होते, कुणाला न सांगता. अण्णांनी तरी विचारलंच, येशील का, अन् मी हो म्हटलं. नंतर समितीत त्याच साहेबांनी तेच विचारलं, तर अण्णा म्हणाले, साहेब, ती हो म्हणाली आहे, मी चार रविवार विचारलंय.

क्वार्टर म्हंजे दोन खोल्या अन् बाजूला पडवी. मी बाहेरच्या खोलीत, सगळ्यांच्या मध्ये, अन् त्यानंच मला झोप लागायला लागली. पोळ्या मात्र मी तिथे पण लपवल्या, गादीखाली. तिसऱ्या दिवशी वहिनींना सापडल्या. मी भिंतीला लागून उभी राहिले, आता ह्या रडणार. त्या रडल्या नाहीत. स्वयंपाकघरातून झाकणाचा एक डबा आणला अन् माझ्या पुस्तकांशेजारी ठेवला, म्हणाल्या, गादीखाली ठेवल्या की मुंग्या होतात, ह्यात ठेव. रोज दोन पोळ्या त्यात स्वतः ठेवायच्या, दुसऱ्या दिवशी शिळ्या काढून गाईला घालायच्या, ताज्या ठेवायच्या. असं किती महिने चाललं असेल, मला नाही सांगता येणार. एक दिवस मीच म्हटलं, वहिनी, आजपासून नको. त्या म्हणाल्या, बरं. तो डबा मग लाडवांना लागला.

मराठी मी त्यांच्याकडे दुसऱ्यांदा शिकले. माझी घर, माझा शाळा, असं काय काय बोलायचे. लाइनमधल्या मुली हसायच्या, वहिनी हसायच्या नाहीत, पण चुकीचं बोललं की वस्तू हातात द्यायच्या नाहीत. छाश दे म्हटलं तर म्हणायच्या, कोण आलंय गुजराथेतून? ताक म्हण. अन् स्वतः बाजारात गेल्या की केम छो, सारू छे, शुद्ध गुजराती! एकदा मला मलेरिया झाला, तापात बडबडत होते, अन् त्या उठून पाणी आणायला निघाल्या तर मी ओरडले, वहिनी, तू जाऊ नको. तू म्हटलं मी. शुद्धीवर आल्यावर लाज वाटली, परत तुम्ही म्हणायला गेले तर म्हणाली, आता मागे नाही जायचं. तेव्हापासून वहिनी तू झाली. आई मी तिला कधी म्हटलं नाही, तिनं कधी मागितलं पण नाही. आई एक होती मला, तिची जागा वहिनीनं तशीच ठेवली.

अठरावं लागलं अन् कागद आला. आता आपली मुदत संपली, वगैरे. मी बारावीत. तो कागद हातात घेऊन मी पडवीत बसले. अण्णा वर्कशॉपचा भोंगा झाला की सायकलवर घरी यायचे, त्या दिवशी आले, चष्मा लावून कागद वाचला, उलटा करून मागे पण बघितलं. म्हणाले, संपली म्हंजे काय? तू काय गॅसचं कनेक्शन आहेस बंद व्हायला? अन् कागद दुमडून खिशात टाकला, म्हणाले, जा, पाय धुवायला पाणी दे. विषय संपला.

माझा संपला. पण जशुचा?

हे सांगायला मला आज पण जड जातं. जशु माझ्याहून थोडी मोठी, तिचं अठरावं आधी लागलं. संस्थेचा नियम तेव्हा असा की अठरा झालं की बाहेर. आता पुढे ठेवायच्या सोयी आहेत, पण तेव्हा आम्हाला कोण सांगणार? एक बॅग, एक चादर अन् शाळेचा दाखला. ती सरळ माझ्याकडे आली, क्वार्टरवर. दुपारची वेळ, वहिनी भाजीला गेलेली, अण्णा कामावर. मी फाटकाशी गेले. ती म्हणाली, मंगल, थोडे दिवस राहू का इथे, खोली मिळेपर्यंत. कुणी खोली देईना, सगळे विचारतात आईबाप कुठेत, गाव कुठलं. अन् मी, काय सांगू तुम्हाला, मी म्हटलं, जागा नाही गं. पडवी रिकामी होती. पण माझ्या मनात आलं, ही आली अन् ह्यांना दोघी जड झाल्या तर? तर जाणार कोण? सात-आठ वर्षं त्या घरात राहून, इतकं सगळं मिळून, मला तेव्हा पण वाटत होतं की मला परत करता येतं. जशुनं एकदा आत बघितलं, माझ्याकडे बघितलं, बॅग उचलली अन् गेली. मी वहिनीला सांगितलं पण नाही कुणी आलेलं.

मग मी कॉलेज केलं, बाहेरून, अन् कामाला लागले. कचेरीच्या बाहेर फॉर्म भरून देणारे बसतात नं, टेबल-खुर्ची टाकून, त्यांच्यातल्या एका काकांकडे मदतनीस म्हणून. आता स्वतःचं दुकान आहे छोटं, कॉम्प्युटर, झेरॉक्स, सगळं. दाखले, आधार, रेशनकार्ड, हेच माझं काम. तर तिथे हळूहळू मला ही मुलं दिसायला लागली. कशी ओळखायची? सोपं आहे. पूर्ण फॉर्म भरतात अन् दोन रकान्यांशी पेन थांबतं, वडिलांचं नाव अन् कायमचा पत्ता. अन् मग इकडेतिकडे बघतात. पहिली आली ती एक नर्सिंगला जाणारी मुलगी. मी तिला म्हटलं, संस्थेत होतीस का? ती उठून चाललीच होती. मी म्हटलं, बस, मी पण होते. तिला कुठला कागद कुठून काढायचा, पालकाच्या जागी काय लिहिलं तर चालतं, कुठल्या खिडकीवर कुणाला भेटायचं, सगळं सांगितलं. तिनं दुसरीला सांगितलं, तिनं तिसऱ्याला. अण्णा रिटायर झाल्यावर क्वार्टर सुटलं, बडोद्यातल्याच वाडी भागात आम्ही ह्या दोन खोल्या घेतल्या, अन् दर रविवारी सकाळी इथे मुलं जमायला लागली. वहिनी सेव-उसळ करायची. अण्णा मुलांना खोली बघायला घेऊन जायचे, घरमालकासमोर उभे राहून म्हणायचे, मी रेल्वेतला माणूस, मी सांगतो, पोरगा सरळ आहे. पांढरे केस, रेल्वेचं नाव, काम व्हायचं.

लोक म्हणतात मंगलबेन समाजसेवा करते. मला आत ठाऊक होतं मी काय करतेय. मी फाटकाशी उभी राहून त्या एका दुपारचं उत्तर देत होते, रोज, दुसऱ्याच कुणाला तरी.

अन् एक दिवस जशुच आली दुकानात. मुलीच्या शाळेचा फॉर्म घेऊन. बारीक होती ती आता भरलेली, कपाळाला टिकली, हाताला पाच वर्षांची मुलगी. मी ओळखलं, तिनं पण. फॉर्म टेबलावर ठेवला अन् उभीच राहिली. मी म्हटलं, बस नं जशु. ती म्हणाली, तें ना पाडी हती. तू नाही म्हणाली होतीस. सगळ्यांसमोर, शांतपणे. गिऱ्हाइकं बघायला लागली. मी म्हटलं, हो. पडवी रिकामी होती जशु, मी खोटं बोलले. मला वाटलं होतं ती ओरडेल, निघून जाईल. ती बसली. म्हणाली, मला दिसली होती पडवी. तिची मुलगी स्टेपलर वाजवत होती, टकटक. मग तिनं सांगितलं, कसं एका हॉस्टेलच्या रसोड्यात, स्वयंपाकघरात, काम धरलं, तिथेच एका कोपऱ्यात राहिली, वाईट माणसं पण भेटली अन् चांगली पण. मग टेम्पो चालवणाऱ्या एका भल्या माणसाशी लग्न. म्हणाली, रागावलेली नाही मी आता. पण विसरलेली पण नाही. मी म्हटलं, विसरू नकोस. फॉर्म मी भरला, ती गेली. पुढच्या रविवारी मुलीला घेऊन वाडीत आली, सरळ स्वयंपाकघरात शिरली अन् वहिनीच्या हातातून कांदे काढून घेऊन चिरायला लागली.

त्या दिवशी मी वहिनीला अन् अण्णांना सगळं सांगितलं.  वहिनी म्हणाली, अगं, मला विचारायचं तरी होतंस. बस, एवढंच बोलली. मला कुणी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आयुष्यभर मी म्हणत आले मला कुणी विचारलं नाही, अन् वेळ आली तेव्हा मी पण नाही विचारलं. त्यांच्या वतीनं मीच नाही म्हणून मोकळी झाले.

म्हणून आता मी समितीत जाते तेव्हा फार सांभाळून जाते. हो, त्याच समितीत. माणसं बदलली, टेबल तेच आहे. आता मला मुलांसोबत बसायला बोलावतात. मागच्या वर्षीची गोष्ट सांगते. एक पायल नावाची अकरा वर्षांची मुलगी, एका घरात सांभाळायला दिलेली. नवराबायको चांगले, शिक्षक दोघं. पण ती ताटं फेकायची, शाळेतून पळून जायची, सहा महिन्यांत ते लोक थकले अन् परत करायला आले. ती बाई, काय सांगू, डोळे सुजलेले. मी पायलला तीनदा भेटले होते, माझी पक्की खात्री की हिला तिथेच राहायचंय, ती बघतेय ही माणसं टिकतात की नाही, मी तशीच होते नं! मी भाषण तयार करून गेले. आत गेल्यावर अध्यक्षबेन म्हणाल्या, बोला मंगलबेन. मी तोंड उघडलं अन् पायलकडे नजर गेली. ती टेबलाच्या कडेला नख घासत होती. मी म्हटलं, बेन, मी नाही बोलत. हिला विचारा, अन् विचारून थांबा. किती पण वेळ लागू दे.

अध्यक्षबेननी विचारलं, पायल, तुला काय हवंय? अन् खरंच थांबल्या बाई. एकानं घड्याळ बघितलं, त्याला त्यांनी डोळ्यानंच दटावलं. पंखा फिरतोय, बाहेर कुणाचा तरी मोबाइल वाजतोय. मला राहवेना, माझीच जीभ वळवळत होती. अन् मग पायल म्हणाली, मने पिंकी जोइए छे. मला पिंकी पाहिजे. कोण पिंकी? सगळ्यांनी फाइल उघडली. पिंकी तिची धाकटी बहीण, सहा वर्षांची, बालगृहातच राहिलेली. फाइलमध्ये होती हो ती, तिसऱ्या पानावर. मी पण वाचलं होतं ते पान. पण मी स्वतःचीच गोष्ट वाचत होते त्यात. सहा महिने त्या पोरीला पोटभर जेवताना बहीण आठवत होती, म्हणून ताटं फेकत होती, अन् आम्ही सगळे शहाणे तिच्या वागण्यावर चर्चा करत होतो.

ती शिक्षिका बाई हे ऐकून उभी राहिली, म्हणाली, एवढंच? अगं एवढंच होतं? आम्हाला वाटलं आमच्यातच काही खोट आहे. आधी दर रविवारी पिंकीला घरी आणायला लागले ते लोक. मग कागदपत्रं, भेटी, तपासण्या, वेळ लागला, पण आता दोघी बहिणी त्याच घरात आहेत. सगळं गोडगोड नाही, पायल अजून उलट बोलते, परवाच बाईचा फोन होता, मंगलबेन, आज हिनं दार आपटलं. मी म्हटलं, आपटू दे, स्वतःच्या घराचंच दार आपटतात.

अण्णा दोन वर्षांपूर्वी गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मुलगा परदेशातून पोचेपर्यंत वेळ लागणार होता, तर गुरुजींनी विचारलं, अग्नी कोण देणार? वहिनी म्हणाली, मंगल देईल. नात्यातल्या एकानं चुळबुळ केली, कागदावर तर ही... वहिनीनं त्यांच्याकडे असं बघितलं की वाक्य तिथेच राहिलं. स्मशानापर्यंत खांदा द्यायला किती पोरं होती, सांगू? ज्यांना ज्यांना त्यांनी खोली मिळवून दिलेली. गाडी लागलीच नाही.

आता वहिनी अन् मी. लग्नाचं विचारू नका, ती रोज विचारते तेवढं पुरे. गुडघे दुखतात तिचे, पण रविवार चुकवत नाही. मी पण अजून घाबरते कधी कधी, खोटं नाही सांगत, फाटक वाजलं की हातातलं काम थांबतं. ते जायचं नाही. त्याच्यासकट जगायचं, दुसरं काय. जशुनं तिच्या घरामागची खोली रिकामी करून ठेवलीय, संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलीसाठी, स्वतःचा बंदोबस्त होईपर्यंत राहायला. मी तिला सुचवलं नव्हतं, तिनंच येऊन सांगितलं.

गेल्या आठवड्यात तिथून हीना नावाची मुलगी स्वतःच्या भाड्याच्या खोलीत गेली, प्रतापनगरलाच. लॅबमध्ये नोकरी लागलीय तिला. आम्ही सगळ्या गेलो होतो, वहिनीला रिक्षात बसवून. वहिनीनं जुना तवा, चार वाट्या अन् एक पातेलं दिलं, अन् म्हणाली, आधी दूध ठेव. हीनानं ठेवलं अन् बोलता बोलता ते चढलं, ती एकदम घाबरून गॅस बंद करायला धावली, चेहरा पांढराफटक, सॉरी मासी, सॉरी. संस्थेत दूध सांडलं की काय व्हायचं ते मला अन् जशुला ठाऊक. वहिनीनं तिचा हात धरला, म्हणाली, थांब. नव्या घरात दूध उतू जाऊ द्यायचं असतं. अन् आम्ही सगळ्या तशाच उभ्या राहिलो, ते पांढरं दूध पातेल्यावरून खाली, शेगडीवर, ओट्यावर, अन् हीना आधी बघतच राहिली, मग हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, जशुनं दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी वाजवली की खालचे भाडेकरू वर आले बघायला. वहिनी त्यांना म्हणाली, आवो आवो, ह्या घरच्या मालकिणीला आशीर्वाद द्या. मी पण तोच देते, तिला अन् तिच्यासारख्या सगळ्यांना. तुमच्या घरी दूध असू दे, अन् सांडलं तरी भिऊ नका.